‘छत्रपती’मध्ये अक्षरं किती?

शहराच्या नावाला वीस अक्षरं पुरतील असं मी ठरवलं, तेव्हा माझं शहर औरंगाबाद होतं. रोमन लिपीत दहा अक्षरं. दुप्पट जागा ठेवली म्हणजे आपण फार दूरचं पाहिलं, असं वाटण्याचं ते वय होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रानं नव्या नावाला मंजुरी दिली आणि मधली मोकळी जागा धरून रोमन नाव पंचवीस अक्षरांचं झालं. माझ्या फॉर्मनं ते विसाव्या अक्षराशी कापलं, आणि कापलंही असं नेमकं की ‘छत्रपती संभाजी’ एवढंच उरलं. ‘नगर’ गायब. पत्त्याच्या लेबलावर गावाच्या जागी थेट महाराज. ज्यांच्या क्लाससाठी तो फॉर्म केला होता ते सर फोनवर आधी हसले आणि मग म्हणाले, ‘ताई, हे आजच्या आज बदला.’

विसाचे चाळीस करायला एक मिनिट लागलं. मग फॉर्मची मराठी आवृत्ती तपासायची म्हणून मी ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबलं. वेबवर काम करणाऱ्यांची ही मागच्या दाराची किल्ली. कुठलंही पान उघडा, ही कळ दाबा, खाली एक कोरी पाटी उघडते आणि तिच्यावर जावास्क्रिप्टच्या ओळी लिहिल्या की लगेच उत्तर येतं. काही विकत घ्यायला नको, काही बसवायला नको. त्या पाटीला मी विचारलं, ‘छत्रपती’ या शब्दाची लांबी किती? उत्तर आलं, सात.

माझ्या डोळ्यांना चार दिसत होती.

पोटापाण्यासाठी मी सिडकोतल्या एका छोट्या कंपनीत वेबसाइटी बनवते. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांची पानं, क्लासेसचे फॉर्म, मंगल कार्यालयांची बुकिंग. या कामात जावास्क्रिप्ट रोज लागते, पण ती खरी कळली ती रात्री जेवणं झाल्यावर, कुणा ओळखीच्याच्या आग्रहाखातर केलेल्या फुकटच्या कामांत. त्या प्रत्येक कामात मी एकाच दगडाला ठेचकाळले. यंत्र मोजतं ते आणि आपण मोजतो ते, या दोन वेगळ्या मोजण्या असतात.

आधी त्या सातांचा हिशेब. छ एक, त दोन, त्याचा पाय मोडणारं हलन्त चिन्ह तीन, र चार, प पाच, पुन्हा त सहा आणि दीर्घ वेलांटी सात. ‘त्र’ नावाचं अक्षर संगणकात साठवलेलंच नसतं. त, हलन्त आणि र शेजारी शेजारी आले की फॉन्ट त्यांचा ‘त्र’ काढून दाखवतो. ही मांडणी कुणा अमेरिकी कंपनीनं आपल्यावर लादली असा समज असेल तर तो चुकीचा आहे. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं, त्यातून ‘इस्की’ ही भारतीय संकेतप्रणाली आली, आणि १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा देवनागरीच्या १२८ घरांची रचना इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतली गेली. मुळाक्षरं, काना-मात्रा आणि हलन्त एवढंच साठवायचं, जोडाक्षरं दाखवताना घडवायची, ही कल्पना इथलीच. आणि शहाणपणाची. नाहीतर ‘र्त्स्न्य’सारख्या आकृत्यांसाठी घरं वाटता वाटता कोश संपला असता.

पण मोजायची वेळ आली की घोळ सुरू होतो. जावास्क्रिप्टची लांबी चिन्हं मोजते: सात. तोच शब्द फाइलमध्ये साठवला की देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं: एकवीस. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, मराठी एसएमएसमध्ये ७० चिन्हं. ‘छत्रपती संभाजीनगर’ हीच सतरा चिन्हं होतात, म्हणजे शहराचं नाव घेण्यातच चौथाई निरोप खर्च. ‘औरंगाबाद’ आठांत भागत होतं.

मग डोळ्यांना दिसणारे चार कुणी मोजायचे? त्यासाठी ब्राउझरमध्ये ‘सेगमेंटर’ नावाची सोय आहे. क्रोममध्ये ती २०२० साली आली, फायरफॉक्समध्ये २०२४ साली. मी मोठ्या आशेनं ती वापरली तर एका जुन्या मोबाइलवर उत्तर आलं पाच. छ, त्, र, प, ती. युनिकोडच्या जुन्या नियमात हलन्तानंतर अक्षर तुटायचं. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या १५.१ या आवृत्तीत नियम बदलला आणि देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरं एकसंध धरली जाऊ लागली. ज्या वर्षी आमच्या शहराच्या नावात ‘त्र’ आला त्याच वर्षी संगणकाच्या नियमात ‘त्र’ एक झाला, या योगायोगाची मला अजून मौज वाटते. तर सात, एकवीस, पाच आणि चार. चारही उत्तरं बरोबर, प्रश्न चार.

कुठे कुठला प्रश्न विचारायचा एवढंच शिकायचं असतं. खोडायच्या कळीला सात हवेत. वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ करायची असेल तर सगळं ‘ती’ पुसलं गेलेलं कुणाला आवडेल? पण फोटो नसलेल्या माणसाच्या नावाचं पहिलं अक्षर गोलात दाखवायचं असेल तर चारवाली मोजणी लागते. नाहीतर श्रीकांत, श्रद्धा आणि शकुंतला तिघंही ‘श’ होऊन बसतात. मराठी नाव टाकून बघा, कितीतरी ॲप अजून हेच करतात.

नाव बदलल्यावर पुढचं काम आपसूक चालून आलं. एका ओळखीच्या संस्थेच्या वेबसाइटवर दीडेक हजार पानं होती आणि सगळीकडे ‘औरंगाबाद’. ‘शोधा आणि बदला’, दहा मिनिटांचं काम, असं मी सांगून बसले. खरं तर कामाला सुरुवात २०२२ मध्येच झाली होती. २९ जून २०२२ ला मंत्रिमंडळानं ‘संभाजीनगर’ ठरवलं. १६ जुलैला पुढच्या मंत्रिमंडळानं ‘छत्रपती संभाजीनगर’ ठरवलं. अडीच आठवड्यांत मागणी बदलण्याचा अनुभव आमच्या धंद्यात कुणालाच नवा नाही, पण सहसा ती राजपत्रात छापून येत नाही.

पहिल्या फेरीत स्क्रिप्टनं बिहारमधल्या औरंगाबाद जिल्ह्याचं नामांतर केलं. दुसरा बळी देणगीदारांच्या यादीतले औरंगाबादकर आडनावाचे गृहस्थ. ते एका रात्रीत ‘छत्रपती संभाजीनगरकर’ झाले. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली जिथं स्थापन झालं ते गाव त्या वर्षी औरंगाबादच होतं, ते वाक्यही बदललं गेलं. हे सगळं टाळायला मी नियम लिहायला बसले, तेव्हा लक्षात आलं की जावास्क्रिप्टला मराठी शब्द कुठे संपतो हेच कळत नाही. मजकुरात नमुना शोधण्याच्या भाषेत ‘शब्दाची कड’ दाखवणारी एक खूण आहे. तिच्या लेखी शब्द म्हणजे रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेखा. बाकी सगळं विरामचिन्हांच्या रांगेत. ज्ञानेश्वरीपासून आजच्या पेपरापर्यंतचं समग्र मराठी तिच्या दृष्टीनं स्वल्पविराम आहे.

२०१८ च्या जावास्क्रिप्टमध्ये यावर उतारा आला: ‘कुठल्याही लिपीतलं अक्षर’ असं सांगता येऊ लागलं. मी आनंदानं ते वापरलं आणि शब्द वेलांटीपाशी तुटू लागले. कारण युनिकोडच्या वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही अक्षरं नाहीत. त्यांचा ‘खुणा’ नावाचा वेगळा वर्ग आहे. अक्षर किंवा खूण असं दोन्ही सांगितलं तेव्हा गाडी रुळावर आली.

आणि तरीही भाषा उरलीच. ‘औरंगाबादला’चं ‘संभाजीनगरला’ होतं, ‘औरंगाबादहून’चं ‘संभाजीनगरहून’ होतं, छान. पण ‘औरंगाबादेत’ला काय करणार? ‘संभाजीनगरेत’ असं कुणी म्हणत नाही, ‘संभाजीनगरात’. दौलताबादेत, हैदराबादेत, पण अहमदनगरात, श्रीरामपुरात. हा नियम शाळेत मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही, आणि बोलताना तो एकदाही चुकलेला नाही. यंत्राला मात्र तो एकेका ओळीत सांगावा लागतो. शेवटी स्क्रिप्टनं बदल परस्पर करायचे नाहीत, फक्त सुचवायचे आणि प्रत्येक ठिकाणी हो-नाही विचारायचं, असं ठरवलं. दहा मिनिटांचं काम तीन रविवार चाललं.

यातून एक सवय मात्र लागली. नाव हे दाखवायला, ओळखायला वेगळी खूण. आमच्या विमानतळाचं सांकेतिक नाव आयएक्सयू आहे, गाड्यांवर एमएच २० आहे, जुन्या शहराचा पिन ४३१००१ आहे. नाव बदलल्यानं यातलं काही हललं नाही. मलिक अंबरनं १६१० मध्ये गाव वसवलं तेव्हा ते खडकी होतं, त्याच्या मुलाच्या काळात फतेहनगर झालं, औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना औरंगाबाद. ज्या गावाची ही चौथी आवृत्ती आहे, तिथल्या डेव्हलपरनं नावालाच ओळख समजून माहितीचा साठा बांधावा, याला काय म्हणायचं? मीही तेच केलं होतं.

गुलमंडीच्या बाजूला एका गल्लीत एक छोटा छापखाना आहे. तिथले काका लग्नपत्रिका छापतात. त्यांच्याकडे वीस वर्षांच्या पत्रिका संगणकात होत्या आणि एकही शोधता येत नव्हती. ‘नाव टाकलं की काहीच सापडत नाही. कामून गं बेटा?’ असं त्यांनी विचारलं तेव्हा मी एक फाइल साध्या मजकुराच्या खिडकीत उघडली. आत मराठी नव्हतीच. रोमन अक्षरांचा नुसता भुसा.

हा कृतिदेव फॉन्ट. युनिकोड घरोघरी पोहोचण्याआधी मराठी-हिंदी टंकलेखनाचा संसार अशाच फॉन्टांवर चालला: कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी. युक्ती सोपी होती. संगणकाला वाटतं आपण इंग्रजी साठवतोय; फॉन्ट फक्त इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकृती रंगवतो. कृतिदेवमध्ये ‘दिवस’ लिहायचं तर एफ, एन, ओ, एल या कळा दाबायच्या. एफला वेलांटी, एनला द, ओला व, एलला स. कागदावर ‘दिवस’ उमटतं, फाइलमध्ये ‘एफएनओएल’ राहतं. छापखान्याला कागद हवा होता, त्यामुळे तक्रार कुणाचीच नव्हती. आता शोधायचं म्हटल्यावर ती उभी राहिली.

भाषांतराचा तक्ता करायचा आणि एकेक बदलत जायचं, असं वाटतं. तक्ता निम्मं काम करतो. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते, म्हणून टंकलेखक ती आधी दाबतो. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर साठवायची असते. म्हणजे प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी उचलून पुढच्या अक्षराच्या पलीकडे ठेवायची. पुढे जोडाक्षर असेल, ‘स्थिती’मधल्या ‘स्थि’सारखं, तर अख्खं जोडाक्षर ओलांडायचं. रफाराची गोष्ट उलटी. ‘धर्माचा’ लिहिताना रफार ‘मा’च्या नंतर दाबला जातो, उच्चारात तो ‘म’च्या आधी येतो, म्हणून त्याला आधी काना, मग म असं मागे ओलांडत न्यायचं. तीस-चाळीस ओळींची ही स्क्रिप्ट मी आयुष्यात लिहिलेली सगळ्यात समाधानाची आहे. एकीकडून भुसा टाकायचा, दुसरीकडून ‘चि. सौ. कां.’ बाहेर.

काकांनी पहिलीच पत्रिका वाचली आणि चष्मा वर केला. नवरदेवाच्या नावापुढे ‘ठण्म्ण्’ असं काहीतरी आलं होतं. पत्रिकेत त्या जागी बी.ई. ही पदवी इंग्रजीत होती. कृतिदेवच्या तक्त्यात बी म्हणजे ठ, टिंब म्हणजे अर्धा ण, ई म्हणजे अर्धा म. साध्या मजकुरात फॉन्टची माहिती राहत नाही, त्यामुळे कुठलं खरं इंग्रजी आणि कुठलं मराठीचं सोंग हे स्क्रिप्टला कळायला मार्ग नव्हता. शेवटी पदव्यांची एक यादीच तिला पाठ करायला लावली. आमच्याकडच्या पत्रिका पाहता ती यादी लांबच लांब झाली.

जावास्क्रिप्टमध्ये मराठीसाठी हौसेनं काम करणारी मी काही पहिली नाही. ओंकार जोशी यांचं ‘गमभन’ मी कॉलेजात असताना वापरलं होतं. संगणकात मराठी बसवलेलं नसलं तरी पानावरच्या चौकटीत रोमन कळा दाबल्या की देवनागरी उमटायची, आणि कितीतरी मराठी संकेतस्थळं त्यावर लिहिती झाली. आतलं तंत्र समजलं की गंमत वाटते. के दाबला की पानावरची स्क्रिप्ट ती कळ अडवते आणि ‘क्’ ठेवते. पुढे ए आला की मागे वळून हलन्त पुसते आणि ‘क’ उरतो. आणखी एक ए आला की काना लावते. म्हणजे प्रत्येक कळीला मागचं बघून पुढचं ठरवायचं. हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या लोकांनी मोकळ्या वेळात केलेल्या अशा कामांवर मराठीचं इंटरनेट बराच काळ उभं होतं, याची नोंद आपण पुरेशी घेतलेली नाही असं मला वाटतं.

काकांची पुढची मागणी: आडनावांनुसार यादी. जावास्क्रिप्टला क्रम लावायला सांगितलं की ती युनिकोडच्या घरांचा क्रम लावते, आणि तिथं ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसलाय. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. परिणाम असा की यादीत काळे आधी आणि कावळे नंतर. काकांनी कंपोझिंगपासून आयुष्य अक्षरांत काढलेलं, त्यांना ते एका नजरेत खटकलं. यावरचा इलाज ब्राउझरात तयार असतो. तुलना करताना ‘मराठीच्या नियमानं’ एवढं सांगायचं. ते सांगायचं असतं हे मला सात वर्षांच्या नोकरीत कळलं नव्हतं, कारण कामावरच्या सगळ्या याद्या इंग्रजीत.

मग ‘ऱ्ह’. वऱ्हाड, तऱ्हा, गोऱ्हे. हा अर्धा र लिहायच्या दोन वाटा आहेत. एक, ऱ हे स्वतंत्र घर आणि त्याला हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि मग ‘जोडणारा शून्य रुंदीचा’ असं नाव असलेलं एक अदृश्य चिन्ह. दोन्ही पडद्यावर सारखे दिसतात, यंत्राला मात्र वेगळे. लक्ष्मण देशपांडे आमच्याच विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातले; त्यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’चा उल्लेख असलेलं पान एका संग्रहात नक्की होतं आणि शोधात काही केल्या येत नव्हतं. टाइप करणारानं दुसरी वाट धरली होती. मजकूर एकसारखा करणारी जावास्क्रिप्टची तयार आज्ञा इथे मदत करत नाही. ती र खाली नुक्ता दिलेला असेल तर त्याचा ऱ करते, पण अदृश्य चिन्हाला हात लावत नाही. स्वतःची एक ओळ लिहावी लागते. आता मोबाइलवर आईबाबा आणि दोन मुलं असं कुटुंबाचं चित्र असतं ना, त्यातली माणसंही याच चिन्हानं एकमेकांना चिकटवलेली असतात. वऱ्हाडातला र जुळवायला लागणारी खूण कुटुंब जुळवायला वापरावी, हे कुणाला सुचलं असेल कोण जाणे.

आता पाण्याचं पान. आमच्या शहरात पाणी रोज येत नाही, हे बाहेरगावच्या वाचकाला सांगायला हवं. पैठणच्या जायकवाडीचं पाणी नळाला येतं ते काही दिवसांच्या अंतरानं, आणि घराघरांत कालनिर्णयवर पाण्याच्या दिवशी गोल केलेला असतो. माझी मावशी हडकोत राहते. तिच्यासाठी मी मोबाइलवर उघडणारं एक पान करायचं ठरवलं: मागचं पाणी कधी आलं ते टाका, पुढचं कधी ते बघा. बेरीजच तर करायची.

पाणी आलं होतं रविवारी, २ जून २०२४ ला. ‘पाच दिवसाआड’ असं मावशीनं सांगितलं होतं. मी पाच मिळवले. पानावर उत्तर आलं ६ जून, गुरुवार. मावशीनं गुरुवारी घरच सोडलं नाही. पाणी आलं ८ जूनला, शनिवारी.

दोन आणि पाच सात होतात, सहा नव्हेत, हे मलाही कळतं. तारखेत हात घालावा लागला. जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केपसाठी दहा दिवसांत उभी केली, ही गोष्ट आमच्या धंद्यात पोवाड्यासारखी सांगतात. ती जावासारखी दिसावी असा वरचा हुकूम होता, त्यामुळे तारखेचा सगळा कारभार तेव्हाच्या जावामधून जसाच्या तसा उचलला गेला. जावानं महिना शून्यापासून मोजायची रीत सी भाषेकडून घेतली होती. म्हणून जानेवारी शून्य आणि जून पाच. ही खोड मला माहीत होती, त्यात मी फसले नव्हते.

फसले ती साडेअठराला. तारीख पानावर लिहून दाखवायला मी जी आज्ञा वापरली ती आधी वेळ ग्रिनिचच्या घड्याळात नेते. आपण ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे इथं ७ जूनची मध्यरात्र उलटते तेव्हा तिथं ६ जूनचे संध्याकाळचे साडेसहा, १८:३० वाजलेले असतात. मी त्या उत्तरातले तारखेचे आकडे ठेवले आणि वेळ कापून टाकली. कापला तोच पुरावा होता. भारतात वेबचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा. साठवलेल्या तारखांच्या शेपटीला १८:३० दिसलं की कुणीतरी मध्यरात्र हरवली आहे हे तो सांगेल. मी उपाय शोधायला गेले तर मिळालेले बहुतेक उपाय अमेरिकेतल्या लोकांसाठी. ते ग्रिनिचच्या मागे आहेत, त्यांची तारीख वाचताना घसरते. आपण पुढे आहोत, आपली लिहिताना घसरते. त्यांचं औषध घेतलं आणि माझा आजार होता तसाच राहिला.

उपाय साधा निघाला: वर्ष, महिना, दिवस हे तिन्ही इथल्या घड्याळाप्रमाणे वेगवेगळे विचारायचे, महिन्यात एक मिळवायचा आणि एका अंकाच्या आकड्यापुढे शून्य लावायचं, ६ चं ०६. या ‘पुढे शून्य लावण्या’चीही एक कहाणी आहे. जावास्क्रिप्टच्या जगात कुणीही छोटं काम करून सगळ्यांसाठी ठेवतो आणि इतर लोक ते पॅकेज म्हणून आपल्या कामात ओढतात. ‘लेफ्ट-पॅड’ हे असंच एक, अकरा ओळींचं. मार्च २०१६ मध्ये एका नावावरून वाद झाला आणि त्याच्या कर्त्यानं आपली सगळी पॅकेजं काढून घेतली. त्या अकरा ओळींवर बॅबेलसारखी मोठी हत्यारं टेकलेली होती, आणि जगभरच्या कंपन्यांची कामं काही तास अडली. पुढच्याच वर्षी ही सोय थेट जावास्क्रिप्टमध्ये आली. माझ्या पानाचा पहिला अवतारही मी फॅशनप्रमाणे तयार सांगाड्यावर बांधला होता. एका बेरजेसाठी शेकडो पॅकेजं उतरली. मावशीचा फोन जुना, त्यात लग्नांचे व्हिडिओ ठासून भरलेले. शेवटी सगळं फेकून एका फाइलमध्ये साठ ओळी लिहिल्या. नवी हत्यारं वाईट आहेत असं नाही, कंपनीत मी तीच वापरते. पण बादली उचलायला क्रेन कशाला?

तारखांचा हा जुना कारभार बदलायला ‘टेम्पोरल’ नावाची नवी सोय ब्राउझरांत येऊ लागली आहे. तिच्यात जून सहावा आहे, आणि घड्याळ नसलेली नुसती तारीखही ठेवता येते. पाण्याच्या पानाला अगदी तेच हवं होतं.

साडेअठरा निस्तरल्यावर पान ७ जून दाखवू लागलं. पाणी आलं होतं आठला. अजून एक दिवस कुठे हरवला, म्हणून मी दोन रात्री कोड उलटापालटा केला. सगळं बरोबर होतं. मग रविवारी तिच्याकडे जाऊन समोर बसून विचारलं.

‘काय करायलीस गं तू त्या फोनात?’ मावशी म्हणाली. ‘एक दिवसाआड म्हणजे काय? आज आलं, उद्या नाही, परवा. मग पाच दिवसाआड म्हणजे मधले पाच कोरडे.’

तिनं भिंतीवरच्या कालनिर्णयवर बोट ठेवलं. रविवारच्या गोलापासून सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र असे पाच चौकोन मोजले आणि शनिवारवर टेकवलं. मी फोन काढला आणि पाचाचे सहा केले.

‘आणि “पाचव्या दिवशी” म्हटलं तर?’ मी विचारलं.

‘ते कोण म्हणतंय त्यावर आहे,’ ती म्हणाली, आणि ड्रमचं झाकण लावायला उठली.